पाव वळसा

ताईच्या हातांना एकाच वेळी पेट्रोलचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास यायचा. मार्गशीर्षातल्या पहाटे, घाटाच्या कुशीतलं धुकं अजून अंथरुणातून उठलेलं नसताना, ती खालच्या वाफ्यांमधून वर यायची, थंडीनं बधिरलेले तळवे माझ्या गालांवर ठेवायची आणि म्हणायची, "पाय ना, हात कसे बर्फ झाले." मला गारव्याच्या आधी तो वास जाणवायचा. त्यातला एक कोवळा, हिरवा, मुळांना लागलेल्या मातीसकट येणारा. दुसरा उग्र, क्षणात उडून जाणारा आणि उडून गेल्यावरही नाकाशी हुज्जत घालत राहणारा. आता मलकापूरच्या बाजारात मी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरते तेव्हा अर्धाच वास येतो. उरलेल्या अर्ध्याच्या जागी मला राग येतो. माझं हे असंच आहे. राग आधी पोचतो, आणि आठवण त्याच्या मागून दम खात चढ चढत येते.

बुलढाण्याहून मलकापूरकडे येणारा रस्ता घाट उतरतो. आमच्या जिल्ह्यात माणसं एक तर घाटावरची असतात नाही तर घाटाखालची. सोयरीक जुळवताना हा प्रश्न पत्रिकेच्याही आधी निघतो. ताईला लग्नात मिळालेलं घर धड या बाजूचं नव्हतं, धड त्या बाजूचं नव्हतं. रस्ता जिथं कमरेत वाकतो तिथून खाली, साग-पळसाच्या झुडपांतून उतरत गेलं की चार घरांची वस्ती, आणि वस्तीच्या पायाशी, ओढ्याला बिलगलेला तिचा तुकडा. वांगी, मेथी, भेंडी, दोडक्याचे मांडव, कडेनं अंबाडी. माती अशी की काडी खोचावी आणि तिला पालवी फुटावी. पण पिकलेलं सगळं वर रस्त्यावर न्यायचं तर मधे तो चढ होता. तिथं ट्रॅक्टरला वळायला जागा नव्हती आणि बैलांचे गुडघे फुटायचे. बरीच वर्षं ती भाजी ताईच्या डोक्यावरून वर गेली. तिच्या टाळूवर, भांगाच्या मधोमध, केस विरळ झाले होते, आणि कुंकू लावताना ती तिथं पदर ओढून घ्यायची.

मग दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते यंत्र आणलं. कुठलंसं सहलीचं ठिकाण बंद पडलं होतं, त्याचं सामान निघालं, त्यात हे होतं: मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखं सीट, पण खाली चार जाडजूड चाकं. कागदावर त्याचं नाव एटीव्ही. वस्तीनं त्याचा हिरवा रंग, बसकं अंग आणि उड्या मारण्याची खोड पाहून त्याचं बारसं केलं, बेडूक. आयुष्यभर ते सपाट मैदानावर शहरातल्या पोरांना गोल गोल फिरवत आलेलं. चढ म्हणजे काय, ओझं म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नव्हतं. दाजींनी पहिल्याच चढाला ते बंद पाडलं, दुसऱ्या खेपेला झुडपात घातलं, आणि तिसऱ्या खेपेपासून ते चालवायचं काम ताईकडे आलं. त्या घरात जे जे जमत नसे ते ते शेवटी ताईकडे यायचं. जमायला लागलं की मात्र ते घराचं व्हायचं.

त्या यंत्राच्या कुशीत मुठीएवढी एक डबी आहे, कार्ब्युरेटर. हवा आणि पेट्रोल यांची गाठ तिथं पडते. किती हवेला किती पेट्रोल द्यायचं हे ठरवायला बाहेरच्या अंगाला एक पितळी स्क्रू असतो आणि आतल्या अंगाला सुईसारखी एक लांब पिन. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं, काळा धूर ओकतं. कमी झालं की आधी सगळं गोड वाटतं. गाडी हलकी पळते, कमी पिते, मालक खूश होतो. पण पाठीवर ओझं आलं की तेच इंजिन आतल्या आत तापत जातं, करपत जातं, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला हे सगळं ताईनं सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता.

ती हे कुणाच्या हाताखाली शिकली नव्हती. लग्नाआधी ती ब्लाउज शिवायची. शिवणयंत्राच्या बॉबिनच्या डबीला एक इवलासा स्क्रू असतो. तो जरा जास्त पिळला की दोरा तुटतो, जरा कमी पिळला की टाका लोंबतो. मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना कळावी लागते. माहेरून आणलेलं शिवणयंत्र केव्हाच गंजलं, पण त्याच्या पेटीतला करंगळीएवढा पेचकस तिनं जपून ठेवला होता. तोच तिनं बेडकाच्या कुशीत घातला. इंजिन सुरू करून ते अंगात ऊब धरेपर्यंत थांबायची, मग पदर खोचून उकिडवी बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. तिच्या कपाळावरची आठी त्या वेळी सैल व्हायची. पाव वळसा आत. थांबायची. आवाज ऐकायची. आणखी अर्धा पाव. पुन्हा थांबायची. सगळ्या आयुष्यात तिला कुणी इतक्या शांतपणे थांबू दिलं नव्हतं. त्या पाच-दहा मिनिटांत ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती, माझीही ताई नव्हती. इंजिनाचा फरफरणारा, चिडका स्वर हळूहळू भरीव होत जायचा आणि एका क्षणी तो असा लागायचा की ओढ्यापलीकडच्या टेकाडावरून त्याचा पडसाद परत यायचा. मग ती डोळे उघडून म्हणायची, "आता जेवलं पोटभर."

ऋतू बदलला की तिचा वळसा बदलायचा. हिवाळ्यात हवा जड होते आणि जड हवेला पेट्रोल जास्त लागतं. "थंडीत भूक वाढते, माणसाची काय अन् यंत्राची काय," ती म्हणायची आणि स्क्रू आत घ्यायची. वैशाखात, घाटावरचे दगड भाकरीच्या तव्यासारखे तापलेले असताना, हवा विरळ व्हायची; तेव्हा ती तोच स्क्रू जरासा बाहेर काढायची, एखाद्या आजाऱ्याला पातळ पेज द्यावी तसा. श्रावणातल्या ओल्या, सुस्त दुपारी ती नुसती ऐकायची आणि काहीच करायची नाही. वर्षाची ही सगळी आवर्तनं तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत साठलेली होती. कॅलेंडर दाजींच्या घरात भिंतीला होतं. ऋतू मात्र ताईच्या बोटांत होते.

बरोबर झालं की नाही याची खूण ती इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवरून ओळखायची. प्लग काढून उजेडात धरायची. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर उपासमार, आणि गव्हाळ असला की बरोबर. हा शब्द उच्चारताना तिला दर वेळी हसू यायचं. तिला लग्नासाठी बघायला आलेल्यांना आमच्या आईनं "मुलगी गव्हाळ आहे" असं सांगितलं होतं आणि चहा घेऊन ताई बाहेर आली तेव्हा बैठकीत जी शांतता पसरली होती, ती आम्ही दोघींनीही ऐकली होती. "माह्यात नाई निंगाला तो रंग," ती प्लग फिरवत म्हणायची, "याच्यात तं काढला ना म्या." आणि हसताना तोंडावर हात घ्यायला ती विसरायची.

आता दाजींविषयी. राग इतका आहे, तरी 'दाजी' सुटत नाही आणि 'त्यांनी' सुटत नाही. भाषेनंही त्यांचीच बाजू घेऊन ठेवली आहे. ते वाईट नाहीत. दारू नाही, मारझोड नाही, आवाज चढवणं नाही. सगळे मला हेच सांगतात आणि सगळे सांगतात म्हणूनच माझं डोकं फिरतं. दाजींचा एकच ध्यास होता, अव्हरेज. आमच्या भागात कुणीही नवी गाडी घेतली की तिचा रंग नंतर पाहतात, आधी विचारतात, "अव्हरेज किती देते?" घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देणारी माणसं तुम्हाला आमच्याकडे रोज दिसतील, वळणावर ब्रेक लागला नाही तरी चालेल, थेंब वाचला पाहिजे. दाजी या पंथाचे महंत होते. टाकी आडवी करून तळातलं पेट्रोल ते असं काढायचे की पाहणाऱ्याला वाटावं, तीर्थच घेताहेत. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. पण हीच नजर त्यांनी घरातल्या माणसावर लावली होती. किती घालायचं आणि किती निघतं, एवढंच त्यांना दिसायचं.

त्यांचा एक शब्द होता, 'भागते'. ताईची चप्पल तुटली, तर तार बांधून भागते. मोरीला दार नाही, तर आडोसा लावून भागते. एकदा तिला चक्कर येऊ लागली, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या, तेव्हा दवाखान्यातून रक्तवाढीचं औषध आणलं. तिची सासू तेव्हा होती. दोघं मायलेक बसले आणि ठरवलं की दोन चमच्यांऐवजी एक चमचा घेतला तर बाटली दुप्पट दिवस पुरेल. बाटली खरोखरच दुप्पट दिवस पुरली. दाजी ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे. ताई आतून पाण्याचे पेले घेऊन यायची तेव्हा तिचा चेहरा दिव्याच्या उजेडात कागदासारखा दिसायचा. पंगतीत ती शेवटी बसायची; भाजी संपलेली असायची, मग ती रश्श्याच्या भांड्यात भाकरी फिरवून घ्यायची. मी एकदा बोललेच, "दाजी, तिच्यासाठी उरलंय का काही?" त्यांनी तिच्याकडे वळून गोडपणे विचारलं, "कावो, भागते ना?" आणि ताईनं 'हो' म्हणून मान हलवली. त्या हललेल्या मानेचा मला आजही संताप येतो, आणि तो तिच्यावर काढावा की त्यांच्यावर हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून तिचं ते चढावरचं रूप मी जिवापाड जपलं आहे. सकाळचं कोवळं ऊन सागाच्या पानांतून झिरपतंय, मागे बांधलेल्या कॅरेटांत वांगी चमकताहेत, आणि ताई हँडलवर किंचित पुढे झुकून, पदर कमरेला आवळून, त्या भरलेल्या आवाजावर स्वार होऊन वर येतेय. वळणावर ती मागे वजन टाकायची आणि बेडूक आज्ञाधारकपणे नाक उचलायचं. जगात एक तरी जीव असा होता ज्याला पोटभर घालायचं की नाही हे तिच्या हातात होतं. त्यानंही तिला कधी अर्ध्या वाटेत टाकलं नाही. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, बेडकाचे लाड करते, घरातल्या माणसांहून जास्त. करायचीच. का करू नयेत?

त्या वर्षीच्या भाद्रपदात, महालक्ष्म्या ज्या दिवशी घरात येतात त्या दिवशी सकाळी, मी तिच्याकडे गेले होते. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात; त्या दिवशी बाजारात भेंडीलासुद्धा मान चढतो. मला माझ्या घरच्या नैवेद्याची भाजी हवी होती, आणि ताईचा वर्षातला सर्वांत मोठा माल त्या दिवशी मलकापूरला जायचा होता. हवा ओली आणि चिकट होती, पानन् पान घामेजलेलं. वर रस्त्यावर पिकअप येऊन उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताईनं पेचकस घ्यायला कोनाड्यात हात घातला. तो तिथं नव्हता. खिडकीत सापडला, तेलकट. तिनं तो पदराला पुसला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि कमरेला खोचला.

इंजिन सुरू झालं तेव्हा आवाज कोरडा होता. मलाही तो वेगळा लागला. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा. ताईनं मान तिरकी केली. "उपाशी हाय हे," ती पुटपुटली. पण वरून हॉर्न थांबत नव्हता, कॅरेटं बांधून झाली होती. "वर जाऊन पायतो," म्हणून ती निघाली आणि मी मागून पायी चालू लागले. पहिल्या वळणापर्यंत बेडूक गेलं. दुसऱ्या वळणाला चढ अंगावर आला आणि आतून खडखड सुरू झाली. तिनं चोक अर्धा ओढला. चोकनं हवा अडते, पेट्रोल थोडं जास्त मिळतं. उपाशी माणसाच्या तोंडात गूळ कोंबावा, तसा तो उपाय. आवाज घटकाभर सावरला. मग आत काहीतरी करकचून आवळलं गेलं, मागची चाकं घासली, आणि सगळा घाट एकदम गप्प झाला. तापलेल्या लोखंडाचा, करपलेल्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला.

तिनं ब्रेक धरून ठेवला, मी चाकांमागे दगड लावले. किकवर तिनं पाय दिला; किक हलेना. पिस्टन तापून आतल्या आत अडकला होता. ती उतरली, पान्यानं प्लग काढला आणि उजेडात धरला. पांढराफटक. हाडासारखा पांढरा. मग तिनं कार्ब्युरेटरचं झाकण काढून ती लांब पिन वर ओढली. पिनेला खाचा असतात, त्यांतल्या एकीत क्लिप बसवायची. ताईची क्लिप मधल्या खाचेत असायची. ती कुणीतरी सर्वांत वरच्या खाचेत नेऊन ठेवली होती. म्हणजे पिन खाली उतरली होती, म्हणजे पेट्रोलची वाट जवळजवळ बुजली होती. ताईनं पितळी स्क्रूवर बोट ठेवलं. तोही सैल सोडलेला होता.

दाजी खालून धापा टाकत आले. आवाज थांबलेला त्यांनी ऐकला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भाजी तं नाई सांडली ना?"

ताईनं नुसता प्लग पुढे केला.

"अवो, रात्री पिन जराशी खाली घेतली म्या," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात चोरी नव्हती. उलट, केलेलं पुण्य सांगावं तसा भाव होता. "अव्हरेज वाढीन म्हणलं. सपाटीवर तं मस्त चालून राह्यलं होतं."

"मले इचारलं काऊन नाई?"

"त्यात काय इचारायचं? करू दुरुस्त. तोवर ने डोक्यावरून, पहिले नेतच होती ना. भागीन."

मी तोंड उघडलं. जे जे साठलं होतं ते सगळं बाहेर पडणार होतं, आणि पडलं असतं तर घाटातल्या दगडांनीही ते कानात साठवलं असतं. पण ताईनं हात वर केला. तिच्या बोटांना काजळी लागली होती. ती दाजींकडे पाहत होती, रागानं नाही. इंजिन ऐकताना जशी पाहायची तशी, मान जरा तिरकी करून.

"तुमचं भागीन," ती म्हणाली. "मी भागली."

थकणं आणि पुरणं या दोन्हीला आपल्या भाषेत एकच क्रियापद आहे. इतकी वर्षं ते एका घरात नांदत होतं. एक अर्थ त्यांच्या तोंडात, दुसरा तिच्या अंगात. दाजींना बहुधा वाटलं, तिची जीभ घसरली. ते हसले. "बस घडीभर, पाणी पे," म्हणाले.

पण ती बसली नाही. माल सडवणं तिच्या रक्तात नव्हतं. मी आणि ती, आम्ही कॅरेटं दोन्ही हातांत धरून, एकेक करत वर नेली. डोक्यावर तिनं एकही घेतलं नाही. शेवटचं कॅरेट चढवून झालं तसं तिनं पदरानं तोंड पुसलं, पेचकस कमरेला आहे ना हे चाचपलं, आणि माझ्याआधी पिकअपमध्ये पुढे चढून बसली. गाडी सुटली तेव्हा दाजी बेडकाच्या सीटवर हात ठेवून उभे होते. त्यांना वाटत होतं, ती संध्याकाळच्या गाडीनं परत येईल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

बाजार उरकून ती माझ्याच घरी आली आणि संध्याकाळी परत गेली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाचा दिवस. त्या दिवशी तिनं गावात थोरल्या जावेच्या घरी पुरण घाटायला असायला हवं होतं. दर वर्षी असायची. मी तिला विचारलं नाही. मी माझ्या घरी पाट मांडला, रांगोळी घातली, आणि तिला म्हटलं, "ताई, आज आमची सवाष्ण तू." ती गोंधळली. "घरच्या बाईले कोणी सवाष्ण बसवते का?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्या महालक्ष्म्या आहेत, मी बसवते. तिचे पाय धुतले. तळव्यांच्या भेगांत घाटाची माती होती, ती निघाली नाही. हळदकुंकू लावलं, ओटी भरली, आणि पहिल्या पंगतीत, देवीसमोर, पुरुषांच्याही आधी तिच्या पानात वाढायला सुरुवात केली. सोळा भाज्यांतल्या निम्म्या तिच्याच तुकड्यातल्या होत्या. ती एकेक भाजी बोटानं चाखत होती, आणि तिला प्रत्येकीचा वाफा आठवत असणार.

नेमके तेव्हा दाजी दारात आले. उन्हातून आलेले, हातात पिशवी. "चाल," ते दारातूनच म्हणाले, "तिकडं सगळे वाट पाहून राह्यले. घरी कसं भागीन?"

सवाष्ण पाटावर बसली की तिला उठवायचं नसतं. पान अर्धं टाकून सवाष्ण उठली तर देवी उपाशी जाते, हे दाजींच्या आईनंच कधीकाळी ताईला शिकवलं होतं. दाजींना ते ठाऊक होतं. ते उंबऱ्याबाहेर चपला काढून, पिशवी पोटाशी धरून उभे राहिले. ज्याच्या जिवावर ती सवाष्ण होती तो माणूस बाहेर उभा, आणि ती आत, मान खाली घालून, सावकाश जेवत होती. तिनं वर पाहिलं नाही. तिच्या जेवणाला वेळ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच लागला असेल. मी पुरणाची पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं. माझा हात थांबायला आला तसं तिनं आपला अजून काजळी न निघालेला हात पुढे करून तुपाच्या भांड्याचं तोंड धरलं आणि म्हणाली, "वाढ अजून."

दाजी वाट पाहून गेले. मग एकदा पुन्हा आले, मग माणसं घेऊन आले, मग फोन आले. पुण्याकडे नोकरीला असलेला तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एवढ्याशा स्क्रूवरून?" तिनं फोन माझ्या हातात दिला. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही.

ती आता माझ्याकडेच असते. फाटकाजवळच्या आमच्या घरात रेल्वे गेली की ताटल्या थरथरतात. ती जेवते, झोपते, तिच्या पापण्यांच्या आतली बाजू पुन्हा लाल झाली आहे. लोक मला म्हणतात, चांगलं केलंस, सुटली बिचारी. सुटली! तिनं मळा सोडला, मांडव सोडले, ओढ्याकाठची ती काळी, लोण्यासारखी माती सोडली. ज्यानं पिन फिरवली त्याला काहीच सोडावं लागलं नाही. तिच्या हातांना आता साबणाचा वास येतो. ती माझ्यासमोर बसलेली असते आणि मला तिची आठवण येते.

मागच्या हिवाळ्यात मी एसटीनं घाट चढले, तेव्हा त्या वळणावर खिडकीतून खाली पाहिलं. बेडूक अजून चढावरच आहे, जिथं थांबलं तिथं. त्याच्या हँडलवर रानवेल चढली आहे. तुकड्यात दाजींनी नुसता चारा सोडला आहे. कुणी विचारलं तर सांगतात म्हणे, "चारा बरा येते. भागते."

कधीकधी सकाळी गल्लीतून एखादी रिक्षा फटफटत, अडखळत जाते. ताई चहाचा कप ओठांशी नेता नेता थांबते, मान तिरकी करते, डोळे मिटते, आणि तिचा अंगठा आणि तर्जनी हवेतच फिरतात, पाव वळसा, आत. मग रिक्षा दूर जाते आणि ती चहा पिते. काळ सगळ्याची भरपाई करतो असं म्हणतात, आणि करतही असेल. त्या घाटातल्या दिवसांना तिची उणीव भासत नाही, तिच्यावाचून त्यांचं भागतं आहे, हे मात्र मला सोसत नाही. आठवणी मी तिच्यासारख्याच पुरवून पुरवून वापरीन. राग मात्र पुरवणार नाही. तो मी रोज पोटभर जाळणार आहे.